भारतातील मोटारींची खासगी आयात

भारतातील मोटारींची खासगी आयात म्हणजे परदेशात तयार झालेली मोटार एखाद्या व्यक्तीने उत्पादक कंपनीच्या भारतातील विक्रेत्याकडून विकत न घेता, स्वतःच्या वापरासाठी थेट परदेशातून आणणे होय. भारतात अधिकृतपणे न विकल्या जाणाऱ्या दुर्मीळ मोटारींसाठी हौशी मोटारप्रेमी हा मार्ग अवलंबतात. त्यांत युरोपीय बनावटीच्या वेगवान सेडान मोटारींविषयी विशेष आकर्षण आढळते. सेडान म्हणजे चार दारांची आणि मागे सामानासाठी स्वतंत्र कप्पा असलेली मोटार. वेगवान सेडान बाहेरून साध्या कौटुंबिक मोटारीसारखी दिसते, मात्र तिचे इंजिन, ब्रेक आणि निलंबन व्यवस्था क्रीडामोटारीच्या तोडीची असते.

अशा आयातीवर तीन स्वतंत्र व्यवस्थांचे नियंत्रण असते. मोटार देशात येऊ शकते की नाही हे विदेश व्यापार धोरण ठरवते. तिच्यावर किती कर द्यावा लागेल हे सीमाशुल्क व वस्तू आणि सेवा कराचे कायदे ठरवतात. ती रस्त्यावर चालवता येईल की नाही हे मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार ठरते. यांपैकी एका व्यवस्थेची मान्यता मिळाली म्हणून दुसरीची आपोआप मिळत नाही. त्यामुळे आयात शक्य आहे का, या प्रश्नाचे उत्तर मोटारीच्या किमतीपेक्षा तिच्या स्टिअरिंगची बाजू, निर्मितीची तारीख आणि कागदपत्रे यांवर अधिक अवलंबून असते.

इतिहास

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतातील मोटारी मुख्यतः आयात केलेल्या असत. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने १९२८ मध्ये मुंबईत मोटारींची जुळणी सुरू केली. आजचा हिंगोली जिल्हा त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. या संस्थानाची ब्रिटिश हिंदुस्थानापेक्षा वेगळी सीमाशुल्क व्यवस्था होती. त्यामुळे मुंबई बंदरात उतरलेल्या मालाला मराठवाड्यात जाताना संस्थानाची जकातही लागू होत असे. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला.

स्वातंत्र्यानंतर देशांतर्गत उत्पादनास संरक्षण देण्याचे धोरण स्वीकारले गेले. भारतात प्रत्यक्ष उत्पादनाची योजना नसलेल्या जुळणी कंपन्यांना व्यवसाय आवरता घ्यावा लागला. पुढील अनेक दशके सामान्य ग्राहकापुढे हिंदुस्थान मोटर्स, मुंबईतील प्रीमियर ऑटोमोबाइल्स व स्टँडर्ड या कंपन्यांच्या मोजक्या मोटारींचाच पर्याय होता. परवान्याशिवाय मोटार आयात करता येत नसे. परदेशी वकिलातींनी वापरून सोडलेल्या मोटारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन लिलावाने विकत असे, आणि विदेशी मोटार मिळवण्याचा तो एक प्रमुख कायदेशीर मार्ग होता.

१९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर विदेशी कंपन्यांनी भारतात उत्पादन सुरू केले. मर्सिडीज-बेंझची भारतीय कंपनी १९९४ मध्ये पुण्यात स्थापन झाली. आयातीवरील संख्यात्मक निर्बंध २००१ मध्ये उठवण्यात आले, तेव्हा नव्या व वापरलेल्या मोटारींची आयात परवान्याशिवाय शक्य झाली. मात्र जुन्या मोटारींचा लोंढा येऊ नये म्हणून त्याच वेळी वय, स्टिअरिंग आणि बंदर यांविषयीच्या अटी घालण्यात आल्या. सध्याच्या नियमांचा गाभा त्या अटींमध्ये आहे.

महाराष्ट्रात सर्वाधिक चर्चा झालेले आयातीचे प्रकरण सचिन तेंडुलकर यांच्या फेरारी ३६० मोडेना या मोटारीचे आहे. डॉन ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केल्याबद्दल ही मोटार त्यांना २००२ मध्ये फियाट समूहाकडून भेट मिळाली. मोटार भेट मिळालेली असली तरी तिच्यावरील सीमाशुल्क एक कोटी रुपयांहून अधिक होते. केंद्र सरकारने २००३ मध्ये ते माफ करण्याचा निर्णय घेतल्यावर सार्वजनिक टीका झाली व प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. अखेरीस शुल्काचा भरणा फियाटने केला.

आयातीच्या अटी

नवी मोटार

आयात धोरणानुसार ‘नवी’ मोटार म्हणजे आयातीपूर्वी कोणत्याही देशात विकली, भाड्याने दिली वा नोंदवली न गेलेली मोटार. त्यामुळे परदेशात एकदा नोंदणी झालेली मोटार काहीशे किलोमीटरच चाललेली असली तरी कायद्याच्या दृष्टीने वापरलेली ठरते. मोटारीचे स्टिअरिंग उजव्या बाजूस असावे लागते आणि वेगमापक किलोमीटरमध्ये असावा लागतो. भारतात डाव्या बाजूने वाहतूक चालते, म्हणून दिव्यांचा झोतही तिला अनुरूप असणे आवश्यक असते. आयात केवळ अधिसूचित बंदरांतून करता येते. न्हावा शेवा व मुंबई ही महाराष्ट्रातील प्रमुख बंदरे त्यांत मोडतात.

भारतात प्रथमच येणाऱ्या प्रतिमानाला केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ नुसार मान्यताप्राप्त संस्थेकडून प्रकार मान्यता घ्यावी लागते. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया व सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट, तसेच अहिल्यानगर येथील वाहन संशोधन व विकास संस्था या महाराष्ट्रातील अशा संस्था आहेत.

वापरलेली मोटार

वापरलेली मोटार निर्मितीच्या तारखेपासून तीन वर्षांहून जुनी नसावी. आयातीनंतर किमान पाच वर्षे ती रस्त्यावर चालण्यायोग्य राहील, असे प्रमाणपत्र द्यावे लागते. उजवे स्टिअरिंग आणि दिव्यांविषयीच्या अटी येथेही लागू होतात. वापरलेल्या मोटारींची आयात केवळ मुंबई बंदरातून करता येते.

पन्नास वर्षांहून जुनी मोटार

पूर्वी १ जानेवारी १९५० पूर्वी तयार झालेल्या मोटारींनाच ऐतिहासिक मोटारी म्हणून आयातीची मुभा होती. २०२५ मध्ये ही स्थिर तारीख काढून टाकून ५० वर्षांहून जुनी वाहने, अशी सरकती मर्यादा ठरवण्यात आली. अशा वाहनांच्या नोंदणीसाठी जुलै २०२१ मध्ये केंद्रीय नियमांत स्वतंत्र तरतूद झाली आहे. त्यांच्या क्रमांकात राज्याच्या संक्षेपानंतर ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून नोंदणी १० वर्षे वैध राहते. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, ऐतिहासिक मोटारींची रॅली, इंधन भरणे व दुरुस्ती एवढ्यांसाठीच हे वाहन रस्त्यावर आणता येते.

तात्पुरती आयात

परदेशात नोंदवलेले वाहन पर्यटक ‘कार्नेट’ नावाच्या हमीपत्रावर शुल्क न भरता मर्यादित काळासाठी भारतात आणू शकतात. मुदतीत ते देशाबाहेर नेणे बंधनकारक असते. कार्नेटवर आलेली मोटार येथे विकणे हे सीमाशुल्क कायद्याचे उल्लंघन ठरते.

दुर्मीळ सेडान मोटारींवरील परिणाम

वरील तीन गटांमध्ये मोठी पोकळी राहते. तीन वर्षांहून जुनी पण पन्नास वर्षांहून नवी मोटार यांपैकी कोणत्याच गटात बसत नाही. संग्राहकांना प्रिय असलेल्या १९८० व १९९० च्या दशकांतील जवळजवळ सर्व सेडान याच पोकळीत येतात.

लोटस कार्लटन ही ब्रिटिश कंपनीने ओपेल-व्हॉक्सहॉलच्या सेडानवर आधारित मोटार १९९० ते १९९२ या काळात सुमारे ९५० एवढ्याच संख्येने तयार झाली. ब्रिटनसाठीच्या मोटारींना उजवे स्टिअरिंग होते, परंतु वयाच्या अटीमुळे २०४० पूर्वी त्यांची आयात होऊ शकत नाही. पोर्शेच्या सहभागाने तयार झालेली मर्सिडीज-बेंझ ५०० ई आणि फेरारीच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनावर आधारलेली लान्चिया थेमा ८.३२ या मोटारी तर केवळ डाव्या स्टिअरिंगसह बनवल्या गेल्या. ५०० ई ज्या मालिकेतील आहे, त्याच मालिकेतील साध्या मोटारींची जुळणी १९९५ पासून पिंपरी येथे होत होती. बाह्यरूपाने जवळची मोटार महाराष्ट्रात तयार होत असली तरी तिच्या वेगवान भावंडाच्या आयातीस त्याचा लाभ मिळत नाही.

डावे स्टिअरिंग भारतात आणून उजवीकडे बसवण्याचा मार्गही उपलब्ध नाही, कारण अट आयातीच्या क्षणीच पूर्ण झालेली असावी लागते. शिवाय उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करण्यास मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ ची मनाई आहे.

अल्फा रोमिओ जुलिया क्वाड्रिफोलिओ ही या नियमांचे दुसरे अंग दाखवणारी मोटार आहे. इटलीत तयार होणारी ही सेडान भारतात अधिकृतपणे विकली गेली नाही, पण ब्रिटनसाठी ती उजव्या स्टिअरिंगसह बनवली गेली. तिचे इंजिन २,८९१ घन सेंटिमीटरचे, म्हणजे मोठ्या इंजिनासाठी ठरवलेल्या ३,००० च्या मर्यादेखालचे आहे. तरीही मूल्य जास्त असल्यामुळे ती वरच्या शुल्कगटात जाते.

सीमाशुल्क व अन्य कर

सीमाशुल्काची आकारणी मोटारीची किंमत, विमा आणि जहाजभाडे यांच्या बेरजेवर होते. हे मूल्य ४०,००० अमेरिकन डॉलरहून अधिक असेल, किंवा पेट्रोल इंजिन ३,००० आणि डिझेल इंजिन २,५०० घन सेंटिमीटरहून मोठे असेल, तर मोटार वरच्या गटात मोडते. २०१३-१४ च्या अर्थसंकल्पात या गटाचे मूळ सीमाशुल्क ७५ वरून १०० टक्के करण्यात आले. त्यावर पुढे समाजकल्याण अधिभार लागू झाल्याने एकूण भार ११० टक्के झाला. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात मूळ सीमाशुल्क ७० टक्क्यांवर आणले गेले, मात्र त्याच वेळी ४० टक्के कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर लावण्यात आला. त्यामुळे एकूण भार ११० टक्केच राहिला. वापरलेल्या मोटारींसाठी मूळ शुल्क ७० टक्के आणि उपकर ६७.५ टक्के, म्हणजे एकूण १३७.५ टक्के भार आहे.

शुल्क मिळवून झालेल्या रकमेवर एकात्मिक वस्तू आणि सेवा कर लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मोटारींसाठी त्याचा दर ४० टक्के आहे. त्यापूर्वी हा दर २८ टक्के होता व भरपाई उपकर वेगळा असे.

महाराष्ट्रात नोंदणीच्या वेळी एकरकमी मोटार वाहन कर भरावा लागतो. आयात केलेल्या मोटारींसाठी तो २० टक्के आहे. या कराची कमाल मर्यादा २०२५ मध्ये २० लाखांवरून ३० लाख रुपये करण्यात आली.

भारतीय बंदरापर्यंतचे मूल्य ६० लाख रुपये असलेल्या नव्या मोटारीचे उदाहरण घेतल्यास हिशेब असा होतो:

मूल्य, विमा व जहाजभाडे: ६०.०० लाख रुपये
मूळ सीमाशुल्क, ७० टक्के: ४२.०० लाख रुपये
कृषी उपकर, ४० टक्के: २४.०० लाख रुपये
शुल्कासह मूल्य: १२६.०० लाख रुपये
एकात्मिक वस्तू आणि सेवा कर, ४० टक्के: ५०.४० लाख रुपये
बंदरातून सुटतानाची किंमत: १७६.४० लाख रुपये
राज्याचा मोटार वाहन कर, कमाल मर्यादेनुसार: ३०.०० लाख रुपये
एकूण: २०६.४० लाख रुपये

याचा अर्थ मूळ मूल्याच्या जवळजवळ साडेतीन पट खर्च येतो. त्यात बंदरातील हाताळणी, सीमाशुल्क दलालाचे शुल्क, विमा आणि देशांतर्गत वाहतूक यांचा समावेश नाही. करावर कर आकारला जात असल्यामुळे मूळ मूल्यातील एक लाख रुपयांच्या फरकाने केवळ बंदरातील खर्चच २.९४ लाखांनी बदलतो.

बंदरापासून नोंदणीपर्यंत

मोटार बंदरात आल्यावर ‘बिल ऑफ एंट्री’ हे आयातीचे मुख्य दस्तऐवज दाखल केले जाते. सोबत खरेदीचे बीजक, जहाज कंपनीचे ‘बिल ऑफ लॅडिंग’, विमापत्र आणि निर्मितीच्या तारखेचा पुरावा जोडावा लागतो. सीमाशुल्क अधिकारी सांगाडा क्रमांक व इंजिन क्रमांक कागदपत्रांशी ताडून पाहतात. बिल ऑफ एंट्रीमधील क्रमांकात एका अक्षराची चूक राहिली तरी पुढे नोंदणी अडू शकते.

मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ४० नुसार, वाहन सामान्यतः जेथे ठेवले जाते त्या निवासस्थानाच्या किंवा व्यवसायस्थळाच्या कार्यक्षेत्रात नोंदणी करावी लागते. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत किंवा औंढा नागनाथ या तालुक्यांतील रहिवाशाच्या मोटारीची नोंदणी हिंगोली येथील परिवहन कार्यालयात होते, आणि तिला एमएच-३८ मालिकेतील क्रमांक मिळतो. मुंबई परिसर हिंगोलीपासून रस्त्याने साडेपाचशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. नोंदणीपूर्वी हे अंतर कापण्यासाठी तात्पुरती नोंदणी घ्यावी लागते किंवा मोटार मालवाहू वाहनातून आणावी लागते.

नोंदणीच्या अर्जासोबत सीमाशुल्क मुक्तता प्रमाणपत्र, विमा व निवासाचा पुरावा द्यावा लागतो आणि अधिकारी वाहनाची प्रत्यक्ष तपासणी करतात. आयात मोटारीचे नोंदणी शुल्क ५,००० रुपये आहे. नोंदणी १५ वर्षे वैध असते व त्यानंतर नूतनीकरण करावे लागते. ऑगस्ट २०२५ मधील सुधारणेनुसार २० वर्षांहून जुन्या आयात चारचाकीच्या नूतनीकरणाचे शुल्क ८०,००० रुपये आहे, तर त्याच वयाच्या इतर हलक्या मोटारींसाठी ते १०,००० रुपये आहे.

उत्पादकांमार्फत मर्यादित आयात

सप्टेंबर २०१८ मधील नियम दुरुस्तीने मोटार कंपन्यांना वर्षाला २,५०० पर्यंत वाहने भारतातील प्रकार मान्यतेशिवाय आणण्याची मुभा मिळाली. त्यासाठी मोटार युरोपीय किंवा अन्य मान्य आंतरराष्ट्रीय मानकांनुसार प्रमाणित आणि उजव्या स्टिअरिंगची असावी लागते. ही सवलत उत्पादकासाठी आहे. तरीही तिच्यामुळे पूर्वी केवळ खासगी आयातीनेच मिळू शकल्या असत्या अशा काही मोटारी ग्राहकांना उपलब्ध झाल्या.

स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस हे तिचे ठळक उदाहरण आहे. तिचे मागील दार काचेसह उघडत असल्याने ती तांत्रिकदृष्ट्या लिफ्टबॅक असली तरी बाजारात सेडान म्हणूनच ओळखली जाते. या मालिकेची पहिली मोटार भारतात २००४ मध्ये आली. स्कोडाच्या मोटारींची जुळणी २००१ पासून मराठवाड्यातच, छत्रपती संभाजीनगरजवळील शेंद्रा औद्योगिक वसाहतीत होत होती. सुटे भाग आणून जुळणी केल्यास तयार मोटारीपेक्षा बरेच कमी सीमाशुल्क लागते. २०२० मध्ये मात्र ऑक्टाव्हिया आरएस २४५ ही पूर्णपणे तयार स्वरूपात आयात करण्यात आली. तिच्या केवळ २०० मोटारी ३५.९९ लाख रुपये शोरूम किमतीला विकण्यात आल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या पुढील आवृत्तीच्या १०० मोटारी होत्या व किंमत ४९.९९ लाख रुपये होती.

वापर व देखभाल

आयातीनंतरच्या अडचणी मोठ्या शहरांपासून दूरच्या जिल्ह्यांत अधिक जाणवतात. भारतात न विकल्या गेलेल्या मोटारीसाठी अधिकृत सेवा केंद्र नसते. निदानासाठी लागणारी संगणक प्रणाली सहसा कंपनीच्या विक्रेत्यांपुरती मर्यादित असते, आणि प्रत्येक सुट्या भागावर पुन्हा सीमाशुल्क लागते. किरकोळ अपघातातही दिवा किंवा बंपर परदेशातून मागवावा लागून मोटार अनेक आठवडे उभी राहू शकते.

इंधन हा दुसरा प्रश्न आहे. भारतात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाते, तर युरोपातील प्रमाणित पेट्रोलमध्ये हे प्रमाण साधारणपणे १० टक्क्यांपर्यंत असते. त्यामुळे खरेदीपूर्वी उत्पादकाच्या पुस्तिकेतील इथेनॉलची मर्यादा तपासणे महत्त्वाचे ठरते. वेगवान इंजिनांना ९५ किंवा अधिक ऑक्टेनचे पेट्रोल लागते व ते प्रत्येक पंपावर मिळत नाही.

वेगाच्या क्षमतेचा उपयोगही मर्यादित आहे. अकोला–नांदेड राष्ट्रीय महामार्ग हिंगोलीतून जातो. जून २०२५ मध्ये पूर्ण झालेला समृद्धी महामार्ग वाशीम व जालना जिल्ह्यांतून जातो, पण तेथेही मोटारींसाठी कमाल वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. या मोटारींची क्षमता मात्र अनेकदा ताशी २५० किलोमीटर किंवा त्याहून अधिक असते.

गैरव्यवहार व कारवाई

शुल्काचा भार आणि वयाची अट यांमुळे नियम चुकवण्याचे प्रकार घडतात. वापरलेली मोटार नवी असल्याचे दाखवणे, निर्मितीचे वर्ष बदलणे आणि मूल्य कमी सांगणे हे त्यांचे नेहमीचे प्रकार आहेत. राजनैतिक अधिकाऱ्यांच्या नावावर शुल्कमुक्त मोटारी आणून त्या इतरांना विकणाऱ्या टोळीवर महसूल गुप्तचर संचालनालयाने जुलै २०२१ मध्ये कारवाई केली. सप्टेंबर २०२५ मध्ये सीमाशुल्क विभागाने केरळमध्ये ‘ऑपरेशन नुमखोर’ राबवून भूतानमार्गे आणलेल्या वापरलेल्या मोटारी जप्त केल्या.

सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम १११ नुसार नियमबाह्य आयात केलेला माल जप्त करता येतो. जप्ती मालावर होत असल्याने, मोटार मधल्या काळात इतर कोणी विकत घेतली असली तरी ती ताब्यातून जाण्याचा धोका राहतो. राज्यातील नोंदणी प्रमाणपत्र हा सीमाशुल्क भरल्याचा पुरावा नसतो. म्हणून पूर्वी आयात झालेली मोटार भारतात विकत घेताना मूळ बिल ऑफ एंट्री, शुल्क भरल्याची पावती व सांगाडा क्रमांक यांची पडताळणी आवश्यक ठरते.

व्यापार करारांचा परिणाम

भारत व ब्रिटन यांच्यातील व्यापार करारावर २४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षऱ्या झाल्या. त्यानुसार ठरावीक वार्षिक संख्येच्या मर्यादेत ब्रिटिश मोटारींवरील सीमाशुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत उतरणार आहे. युरोपीय संघाबरोबरच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याचे २७ जानेवारी २०२६ रोजी जाहीर करण्यात आले, आणि त्यातही मोटारींसाठी संख्येची मर्यादा ठेवून शुल्ककपातीची तरतूद आहे. या सवलती शुल्काच्या आहेत. स्टिअरिंगची बाजू, वाहनाचे वय आणि नोंदणी यांविषयीच्या अटी वेगळ्या नियमांतून येतात, त्यामुळे केवळ शुल्ककपातीने जुन्या दुर्मीळ मोटारींच्या आयातीचा मार्ग खुला होत नाही.

हेही पहा

सीमाशुल्क अधिनियम, १९६२
मोटार वाहन अधिनियम, १९८८
ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया
जवाहरलाल नेहरू बंदर
हिंगोली जिल्हा